जातो बे

बँडचं नाव सत्तेचाळीस.
सत्त्याण्णवच्या मे महिन्यात ठेवलेलं,
बजाजनगरात, प्रशीलच्या घरच्या शेडमध्ये,
पेपरातलं आदल्या दिवशीचं तापमान वाचून.
आता आम्हीच सत्तेचाळीसचे झालो.
निशिकांत म्हणतो, एवढ्या विनोदावर अल्बम निघतो:
जुनीच नऊ गाणी, पण बसून, हळू.

बसून हे महत्त्वाचं.
माझ्या कमरेला पट्टा आहे.
एड्विनचा आवाज वर पोचत नाही,
म्हणून सगळं दोन स्वर खाली घेतलंय,
माळ्यावरचं सामान उतरवतात तसं,
एकानं खालून हात लावून.

प्रशील ड्रमवर. त्याच्याकडे एक वही आहे,
मागच्या पुठ्ठ्यात विजेची बिलं, आत अकरा नवी गाणी.
रोज आणतो, स्टुलाखाली ठेवतो,
रोज परत नेतो.
"नवं कोण ऐकते बे," निशिकांत म्हणाला होता,
"लोकं आपल्याले पाहाले नाही येत,
सोताचं एकोणीसावं वर्ष पाहाले येतात."
असेल.
मग तिकीट आरशाचं काढावं त्यांनी.

'जातो बे' हे आमचं मोठं गाणं.
हे गाव, हे ऊन, ही नोकरीची रांग, सगळं सोडून
जातो बे, जातो बे,
इंजिनिअरिंग कॉलेजच्या मैदानावर तीन हजार पोरं ओरडायची.
मग आम्ही गेलो:
निशिकांत हिंगण्याच्या एमआयडीसीत,
मी कॉटन मार्केटात, कूलरच्या मोटारी बांधायला,
एड्विन पुण्याला, अकरा महिने.
प्रशील तर त्याच घरात.
त्याची आई चहा घेऊन शेडच्या दारात थांबायची.
"जातो नको म्हणू रे पोरा, येतो म्हण."
आम्ही आवाज वाढवायचो.
दोन हजार एकवीसात, ॲम्ब्युलन्सचं दार लावताना
ती काय म्हणाली, प्रशील सांगत नाही.

परवा एड्विन त्या ओळीवर आला,
हळू, खालच्या पट्टीत,
आणि तोंडून गेलं, येतो बे.
सगळे थांबले.
"हे गाणं वेगळं झालं," निशिकांत म्हणाला. "पुन्हा घे."
पुन्हा घेतलं. जातो, जातो, जातो.
अगदी स्वच्छ. दातांच्या दवाखान्यासारखं.

काय कमी आहे ते मला माहीत होतं.
जुन्या कॅसेटमध्ये मागे कूलर आहे.
अशा हजार मोटारी बांधल्यात मी,
पन्नास सायकलची घरघर, जी-च्या जरा वर.
त्या मे महिन्यात आम्ही सूर तिच्याकडूनच घेतला,
आपण लावला असं समजून.
दुकानातून पत्र्याचा एक आणला,
खस भिजवली, पंप लावला, समोर माईक.
डिसेंबर. चौघेही स्वेटरात,
एड्विनच्या कानाला मफलर.
पण गाणं दोन स्वर खाली आलेलं,
कूलर कसा येईल?
तो अजून एकोणीसचाच.
दोघं एका खोलीत असे, की लग्नाच्या फोटोत
न बोलणारे साडू.

"चहा," निशिकांत म्हणाला आणि उठला.
त्याची मृण्मयी रेकॉर्डिंग बंद करायला विसरली,
किंवा नाही विसरली.
प्रशीलनं एड्विनची गिटार मांडीवर घेतली.
वही न उघडता, कूलरच्याच स्वरात,
ड्रमवाल्याच्या जाड बोटांनी
काहीतरी सुरू केलं.
रात्री दोनला लाईट जाते,
कूलर थांबतो,
आणि पलीकडच्या खोलीत
कोणी कूस बदललेली ऐकू येते. एवढंच.
पुढची ओळ त्याला आठवेना, तर तीच परत म्हणाला.

निशिकांत दारात, हातात कपांचा ट्रे.
बराच वेळ तसाच.
मग म्हणाला,
"हे कोणत्या सालचं बे आपलं?"

प्रशील थांबला नाही.
मी बेस उचलला,
पट्टा सैल केला,
आणि खालचा जी शोधू लागलो.